मधली टाकी

दारातून आत शिरताना मेलिसने सवयीने तोंडावर हात धरला, आणि तिथेच तिला पहिली गोष्ट खटकली. चिलटं नव्हती.

खुडणीच्या दिवसांत कास्तेरांच्या टाकीघरात चिलटं नाहीत, असं होत नाही. द्राक्षं आंबायला लागली की ती कुठून उगवतात देव जाणे. नाकात जातात, डोळ्यांत जातात, बोलायला तोंड उघडावं तर दोन-चार पोटात. दुपारी मेलिस याच जागी रुमालाने नाक बांधून काम करत होती. आणि आता दिवा लावला तर एकही नाही. हवा घासूनपुसून ठेवल्यासारखी.

मग तिला ती दिसली. सगळी एकाच जागी होती. पलीकडच्या भिंतीवर, मधल्या टाकीच्या अंगाला, काळा लेप दिल्यासारखी चिकटून बसलेली. उडत नव्हती. हलतसुद्धा नव्हती.

ही गोष्ट अन्सेल्म लाब्रुस सांगतो. अंधार पडल्यावर, जेवणं आटोपल्यावर, खुडणीला आलेली पोरंपोरी अंगणातल्या बाकांवर पाय वर घेऊन बसली की. त्याचं सगळं आयुष्य गारोन नदीच्या या काठावर लोकांची तळघरं सांभाळण्यात गेलं. त्याचे तळवे अजून जांभळे आहेत.

"हे मी पुस्तकातलं सांगत नाही," तो सुरुवातीलाच बजावतो. "मेलिस कास्तेरा एवढीशी होती तेव्हापासून मी तिला ओळखतो. तिच्याच तोंडून ऐकलंय. तिने एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही."

"त्यात तुमच्या पदरचं किती, काका?" एखादी आगाऊ पोरगी विचारतेच.

"तुझ्या ग्लासात वाइन आहे ना, तेवढं."

तिचा ग्लास रिकामा असतो. सगळे हसतात. मग अन्सेल्म कंदिलाची वात जरा खाली करतो आणि हसणं आपोआप थांबतं.

गेल्या ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. त्या दिवशी कास्तेरांची शेवटची ओळ खुडून झाली होती आणि गावच्या हॉलमध्ये खुडणी संपल्याची मेजवानी मांडली होती. बदकाचं आणि कोबीचं दाट सूप टेबलांवर आलं होतं, पण चमचा कोणी उचलत नव्हतं. कास्तेरांकडे रीत अशी, की घरातल्या सगळ्यांत थोरल्याने आधी आपलं सूप पिऊन तळाशी उरलेल्या घोटात नवी वाइन ओतायची, थाळी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायची, आणि मगच बाकीच्यांनी जेवायचं. थोरला म्हणजे मेलिसचा आजोबा, उर्बां. आणि उर्बांची खुर्ची रिकामी होती.

"जा गं, आण तुझ्या आजोबांना," तिचा बाप बास्तियाँ म्हणाला. "अजून थोडा वेळ गेला तर हे लोक मलाच सुपात घालतील."

"मी एकटी जाऊ?"

"नाही, सोबत बँड देतो."

टेबलावरचे सगळे खो-खो हसले. मेलिस कशानेही दचकते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. टोस्टरमधून पाव उडाला तरी ही खुर्चीतून उडायची. तुलूझला कॉलेजात शिकून आली, पण शिकून भीती जाते असं थोडंच आहे? लाल होत ती उठली, गाडीची किल्ली घेतली आणि निघाली. रस्ता काही लांब नाही, गाडीने दहा मिनिटांचा. मळ्याच्या फाटकापाशी पोचली तेव्हा नुकतं अंधारलं होतं.

"तिला भीती कसली वाटत होती? भुताची?" कोणीतरी मध्येच विचारतं.

"घरातल्या माणसांची," अन्सेल्म म्हणतो. "ते आधी ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही."

उर्बांला एक धाकटा भाऊ होता, लेओंस. बाप वारला तेव्हा कायद्याप्रमाणे दोघांना सारखा वाटा आला. आता जमीन एक, घर एक, नाव एक. एकाने दुसऱ्याचा वाटा विकत घ्यावा, तर द्यायला कोणी तयार नाही. एकत्र राहावं, तर त्यांच्या बायकांना एका स्वयंपाकघरात श्वास घेता येत नव्हता. मग वाटायला बसले. द्राक्षांची एक ओळ याची, पुढची त्याची. अंगणातले अक्रोड मोजून वाटले. बापाच्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या, त्यात मळ्याचं नाव लेओंसला गेलं आणि द्राक्षं पिळायचं यंत्र उर्बांला. म्हणजे एकाकडे नाव, त्याला पिळायला काही नाही. दुसऱ्याकडे पिळायचं यंत्र, पण पिळलेल्याला नाव नाही. मोठी शिडी होती, तीसुद्धा करवतीने मधोमध कापली. त्यानंतर दोघांचाही हात कधी कौलांपर्यंत पोचला नाही.

"खोटं!"

"आपल्या गावच्या सुताराला विचार. त्यानेच कापली, आणि दोघांकडून पैसे घेतले."

शेवटी उरलं टाकीघर. आतून भिंत घालायचं ठरलं. पण सिमेंटच्या टाक्यांची रांग, आणि भिंतीची रेघ आली ती नेमकी मधल्या टाकीवरून. ती कोणाची? महिनाभर भांडले. अखेर नोटरी वैतागला आणि त्याने लिहून टाकलं, की टाकीचं वरचं तोंड उर्बांच्या बाजूला, खालचं दार लेओंसच्या बाजूला, टाकी दोघांची. भरायची एकाने, रिकामी करायची दुसऱ्याने. कागदावर ते शहाणपणाचं दिसत होतं.

इथे अन्सेल्म नवख्या पोरांकडे बघतो.

टाकीतून वाइन काढून घेतली की तळाशी चोथा उरतो. तो फावड्याने उपसायला माणूस आत शिरतो. पण चोथा आंबतच असतो, आणि त्याचा वायू तळाशी साचतो. खालचं दार उघडून तो वाहून गेला, तरी फावड्याने चोथा उलटला की आत दबलेला नव्याने सुटतो. त्याला रंग नाही. नाकाला जरा झोंबतो, बस. दोन-तीन श्वास पुरतात. म्हणून या काठावर जुना नियम आहे, की टाकीत माणूस असेल तर बाहेर दुसरा हवाच. आतल्याने ओरडत राहायचं, "आहेस का?" बाहेरच्याने ओ द्यायची, "आहे." आतला अडखळला, की ओढून काढायचा. तेवढ्यासाठीच हे बोलणं. ते जोवर चालू आहे तोवर माणूस आहे.

वाटणीनंतरच्या पहिल्याच खुडणीत उर्बांने हट्टाने मधली टाकी भरली. रस काढून झाल्यावर लेओंस आपल्या बाजूने, खालच्या दारातून आत शिरला. चोथा त्याच्या वाट्याचा होता ना. पलीकडे त्याची बायको ओदील बाळंतीण होऊन पडलेली. गडी सगळे मळ्यात. वर टाकीच्या तोंडाशी, सज्ज्यात, उर्बां उभा होता. लेओंसला त्याचे बूट दिसत होते.

"आहेस का?" लेओंसने विचारलं.

वर्षभर भावाशी एक शब्द बोलला नव्हता उर्बां. तो काही बोलला नाही.

"पण काका, उत्तर आलं नाही तर बाहेर यायचं ना? मग तो आला का नाही?"

"कारण त्याला माहीत होतं, भाऊ वर आहे. रागावलेला आहे, पण आहे. देईलच ओ." अन्सेल्मचा आवाज खाली येतो. "चौकशीच्या वेळी उर्बांने स्वतः सांगितलं. म्हणाला, मी ऐकत होतो. चार-पाच वेळा ऐकलं. म्हटलं, मारू दे हाका. मग हाका थांबल्या, तेव्हा वाटलं, गेला असेल चिडून."



लेओंसला बाहेर काढून मातीत ठेवल्यावर ओदीलने खालचं लोखंडी दार आवळून टाकलं, आडवी कांब घातली, कुलूप घातलं. मधली टाकी दोन्हीकडून बंद. ओदील अजून तिथेच राहते, भिंतीपलीकडे. पण द्राक्षं आंबायच्या दिवसांत अंधार पडल्यावर तिला कोणी हाक मारली तर ती ओ देत नाही. पोस्टमनला माहीत आहे, डॉक्टरला माहीत आहे. त्या दिवसांत भिंतीतून काय ऐकू येतं ते तिने कोणाला सांगितलं नाही. उर्बांनेही नाही. एवढंच, की खुडणी आली की उर्बां कानात कापूस घालायचा आणि लोक म्हणायचे, म्हातारा बहिरा झाला.

गेल्या वर्षी पीक इतकं आलं, की रस ठेवायला जागा पुरेना. बास्तियाँने मधल्या टाकीचं झाकण उघडलं.

"बाबा, ती टाकी आहे, थडगं नाही," तो उर्बांला म्हणाला. "खालचं दार नसू दे. पंपाने वरून उपसू. चोथा सोमवारी काढू, आधी दिवसभर पंखा लावून."

 त्या दिवसापासून उर्बांने कानातला कापूस काढून टाकला आणि रोज संध्याकाळी तो टाकीघरात जाऊन बसायला लागला.

तर मेलिस दारात उभी होती आणि भिंतीवरच्या चिलटांकडे बघत होती.

"आजोबा?" तिने हाक मारली. "चला ना. सूप निवतंय. बाबा तुमच्या नावाने खडे फोडतायत."



ती दोन पावलं आत गेली. दुपारीच उपसलेल्या रसाचा वास, ओल्या सिमेंटचा वास. पंप बाजूला धुऊन ठेवलेला. सगळं जागच्या जागी.

"आहे," आजोबांचा आवाज आला.

मेलिसला हायसं वाटलं. वर सज्ज्यात असणार. ती लोखंडी जिन्याकडे वळली.

"कधीची हाका मारतेय मी. कापूस काढलात ना? मग?"

"आहे. इथेच आहे."

तिचा पाय पहिल्याच पायरीवर थबकला. हे तिला दिलेलं उत्तर नव्हतं. तिने विचारलं एक, आणि हे भलतंच. शिवाय आवाज... आजोबा असे कधीच बोलत नसत. गावात कोणाशी नाही, घरात कोणाशी नाही. लहान मुलाची समजूत काढावी तसा मऊ आवाज.

मध्ये थोडी शांतता गेली. तेवढीच, जेवढ्यात पलीकडच्याने काही विचारावं.

"आहे," आजोबा पुन्हा म्हणाले. "आहे मी."

पुन्हा तेवढीच शांतता.

मेलिसने कान टवकारले. त्या शांततेत काहीही नव्हतं. पण आजोबा ऐकत होते. ऐकत होते आणि उत्तर देत होते. 

"थांब," आजोबा म्हणाले. "येतो."

मग लाकडाची कुरकुर. आणि मग... काही नाही.

"आजोबा!"

ती जिना चढली.  सज्ज्यात आजोबा नव्हते. मधल्या टाकीचं झाकण बाजूला सारलेलं होतं. तोंडातून शिडीची दोन टोकं वर आली होती. आणि काठाशी आजोबांचे बूट, शेजारी शेजारी, मोजे आत खोचलेले. टाकीत उतरताना जाणती माणसं काढून ठेवतात तसे.

तिने वाकून पाहिलं. सज्ज्यातल्या दिव्याचा उजेड तिरका आत पडत होता. आजोबा चोथ्यावर पडले होते. एका कुशीवर. तोंड वर, तिच्याकडे. डोळे मिटलेले. ओठ मिटलेले.

"आजोबा! आजोबा, उठा! उठा ना!"

तिने एक पाय शिडीवर ठेवला. नाकाला झोंबलं. सुई टोचावी तसं.

तिने पाय मागे घेतला.

लहानपणापासून बापाने हेच घोकून घेतलं होतं. एक पडला तर एक. मागून दुसरा उतरला तर दोन. आणि वरून ओढणारं कोणी नसेल तर उतरायचंच नाही, आत बाप असला तरी नाही, आई असली तरी नाही. ती मागे सरकली आणि मागे सरकल्याबद्दल तिला रडू फुटलं.

फोन. तिने खिसे चाचपले. फोन हॉलमध्ये होता, थाळीशेजारी. गाडीने दहा मिनिटं जायला, दहा यायला. आजोबांकडे तेवढा वेळ नव्हता.

वर तुळईला कप्पी होती, पंप चढवायची. दोर होता. ओढायची ताकदही तिच्यात आली असती, भीतीने माणसाला येते. पण खाली दोर बांधणार कोण? बेशुद्ध माणूस स्वतःला दोर बांधत नाही. आणि बांधायला जो उतरेल तो वर येणार नाही. नाहीतर मग खालचं दार. ते उघडलं तर वायू वाहून जाईल, पाणी जावं तसा. दोन मिनिटांत टाकी मोकळी. पण दार भिंतीपलीकडे. ओदीलकडे.

भिंत जिथे छपराला टेकायला हवी तिथे हातभर फट आहे. त्या फटीतून पिवळा उजेड येत होता. म्हणजे पलीकडे कोणी होतं. जागं होतं.

मेलिसने फावडं उचललं आणि भिंतीवर हाणलं. चिलटं जागची उठली नाहीत.

"ओदील आजी! ओदील आजी, खालचं दार उघडा!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आजी, आजोबा टाकीत पडलेत! दार उघडा! लवकर!"

उजेड विझला.

मेलिस बघतच राहिली. फट काळी झाली होती. पलीकडे एक म्हातारी बाई अंधारात श्वास रोखून बसली होती, वर्षानुवर्षं बसत आली तशी. टाकीघरातून येणारी हाक. अंधार पडल्यावर. आंबणीच्या दिवसांत. अशा हाकेला ओ द्यायची नाही...

"मी मेलिस आहे!" ती किंचाळली. "बास्तियाँची मेलिस! जिवंत आहे मी, आजी! दचकते ती मेलिस! तुमच्या अंजिरावर चढून पडले होते, तुम्ही बादली फेकून मारली होती! आठवा ना! ते दुसरं कोणी नाही, मी आहे, मी..."

शांतता.

"शिव्या द्या मला! काहीही बोला! पण बोला!"

काही नाही. एक पाऊल नाही. खोकला नाही.

फावडं तिच्या हातातून निसटलं आणि सज्ज्यावरून खाली पडलं. त्याचा खणखणाट चारी भिंतींना आपटून विरला. मग इतकं शांत झालं, की तिला स्वतःच्या कानात रक्त वाजताना ऐकू आलं. रस्त्यावर गाडी नाही. कुत्रं नाही. हॉलमधलं अकॉर्डियन इथवर पोचणं शक्यच नव्हतं.

ती काठाशी गुडघ्यांवर बसली. आजोबांचा चेहरा मेणासारखा दिसत होता. छाती हलते आहे की नाही ते कळत नव्हतं. त्यांच्यापलीकडे उजेड पोचत नव्हता. तिथे, खालच्या दाराच्या अंगाला, नुसता काळोख होता.

काय करावं ते तिला सुचेना. कोणाला हाक मारावी, कळेना. हाक मारायला आता कोणी उरलंच नव्हतं. तरी तिने मारली. खाली, टाकीत, हळू आवाजात, उत्तराची आशा नसताना.

"कोणी आहे का?"

तिची नजर आजोबांच्या तोंडावर होती. ओठ मिटलेले होते. ते हलले नाहीत, हे तिने शपथेवर सांगितलं.

काळोखात चोथ्यावर पाऊल दबल्याचा आवाज झाला. ओला, जड. मग आणखी एक. आणि मग एका पुरुषाचा आवाज आला, घोगरा, फार दिवस न बोललेल्या माणसाचा...

"दोर सोड, पोरी. मी बांधतो त्याला."